लव-कुशांची पाठवणी

मी एकदा दोन पिल्लांना त्यांच्या आईपासून वाचवलं होतं. वाचवलं म्हणजे काय केलं, तर टोपलीत घातलं, टोपली जीपमध्ये ठेवली आणि मुठेच्या खोऱ्यातून उचलून थेट चांद्याच्या जंगलात नेऊन सोडलं. रोज दिवेलागणीला आमच्या पेंढ्याच्या उडवीवर एक बोका येऊन ओरडायचा. तो पिल्लांना खाणार, अशी माझी खात्री झाली होती. मी त्याला दगड मारायची. नेम वाईट होता, एवढीच त्या दिवसांतली माझी पुण्याई. कारण तो बोका नव्हताच.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पुण्याच्या पेठेत वाढलेली, मॅट्रिक झालेली, आणि लग्न होऊन या खोऱ्यात आल्यावर गावाला चार गोष्टी शिकवायला आपल्याला देवाने धाडलंय अशा थाटात वावरणारी. डोक्यावर पदर, पदराखाली डोकं आणि डोक्यात भुसा. आजची मी त्या पोरीला भेटले असते, तर आधी तिला पोटभर हसले असते आणि मग तिच्या हातातली टोपली काढून घेतली असती. पण माणूस स्वतःला नेहमी उशिरा भेटतो.

कार्तिक आलाय. आमच्या खोऱ्यात आता भाताच्या खाचरांपेक्षा कंपाउंडच्या भिंती जास्त झाल्या आहेत, भिंतीआड पोहण्याचे तलाव आहेत आणि तलावांत शनिवार-रविवारी ओरडणारी माणसं आहेत. तरी ओढ्याकाठची आमची चार खाचरं अजून आहेत. परवा ती कापायला घेतली. कापलेल्या भाताचा वास अजून तोच. थोडा दुधाचा, थोडा चिखलाचा, थोडा उन्हाने तापलेल्या गवताचा. लोकांना तो वास आला की नव्या तांदळाचा भात आठवतो. मला तो आला की जेवण जात नाही. घरातल्यांना वाटतं, म्हातारीला पित्त झालंय. मीही वाटू देते. पित्ताला औषध असतं.

आणि नेमकी त्याच दिवशी नात आली. ऋता सूसला राहते, बाराव्या मजल्यावर, जिथे कावळासुद्धा दमून पोचत असेल. गाडीतून उतरली ती छातीशी खोकं धरून. खोक्यात टॉवेल, टॉवेलात दोन पिल्लं, एक करडं, एक काळं. डोळे नुकते उघडलेले.

"आजी, फोस्टर करतेय मी," ती म्हणाली. "थोडी मोठी होईपर्यंत सांभाळायची आणि मग चांगलं घर बघून द्यायची."

"यांची आई कुठाय?"

"गेली गं. आमच्या गेटपाशीच, गाडीखाली."

"तू पाहिलंस?"

"हो."

"स्वतःच्या डोळ्यांनी? की वॉचमनने सांगितलं?"

"आजी, तू पोलिसात होतीस का गं?" ती हसली. मग हळूच खरं बोलली. पिल्लं चार दिवस माझ्याकडे ठेवायची होती, कारण मैत्रिणींबरोबर गाडी घेऊन ती ताडोब्याला निघाली होती. वाघ बघायला. "तू पण चल ना! मधली सीट तुला. तू पाहिलंयस ताडोबा?"

"पाहिलंय. तिथे माझी दोन माणसं आहेत."

"कोण?"

"लव आणि कुश."

ती पुन्हा हसली, माझ्या गालाला गाल लावून गेली. मी थट्टेखोर म्हातारी म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचा एक फायदा असतो, खरं बोललेलंही खपून जातं.

त्या वर्षी भात उशिरा तयार झालं होतं. सकाळी खाचरांवर धुकं असं बसलेलं असायचं की कापणाऱ्या बायकांची नुसती डोकी दिसत, पाण्यावर तरंगणाऱ्या घागरींसारखी. विळ्यांचा आवाज मात्र स्पष्ट यायचा, खर्र, खर्र, जनावर चरावं तसा. डोंगरवाडीवरून बायका येत, धनगरवाड्यावरूनही येत. ठकूबाई नावाची एक त्यांची मुकादम होती. तिचं तोंड विळ्यापेक्षा धारदार. मी बांधावर छत्री घेऊन उभी राहायची, उन्हात रंग जाईल म्हणून, आणि ती मोठ्याने सगळ्यांना सांगायची, "बायांनो, वाईच सरकून कापा गं, पुण्याच्या बाईसाहेबास्नी आपली सावली लागंल." सगळ्या खिदळायच्या. मीही हसायची, न कळता.

कापणी झाली की भारे खळ्यावर जायचे. खळं वरच्या टेपाडावर, घरापासून लांब. झोडणी संपेपर्यंत माझ्या सासूबाई तिथेच खोपीत राहायच्या, धान्याची राखण करत. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. मी दुपारी भाकरी घेऊन जायची, त्या जेवायच्या आणि म्हणायच्या, "मीठ कमी हाय." रोज. एखाद्या दिवशी मुठीने घातलं तरी कमीच. तेवढंच आमचं संभाषण. त्यांना घरात मांजर अजिबात खपत नसे, दुधा-तुपाच्या घरात चोर पाळायचा कशाला, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी त्यांच्यापासून जे लपवलं, ते त्या एका वाक्याच्या भीतीनेच. नाहीतर गोष्ट पहिल्याच दिवशी संपली असती आणि मी आज सुखाने नवा भात जेवत असते.

कापून झालेल्या खाचरांतून मी एका दुपारी एकटीच हिंडत होते. सगळं रान भादरल्यासारखं. त्यात मधोमध एका जागी हातभर भात तसंच उभं, आणि त्याची कणसं एकत्र करून गाठ मारलेली, वेणीच्या शेवटाला मारतात तशी. मला वाटलं, काय आळशी बायका! चार काड्या उरल्या तर तेवढ्यासाठी वाकायला नको. मी गाठ सोडली. सोडली म्हणजे चांगली ओढून उपटली. आणि खाली, काड्यांच्या बुडाशी, दोन पिल्लं. वाळूच्या रंगाची, कानांच्या टोकाला काळे केस, पोटावर पुसट पट्टे. माझ्याकडे बघून त्यांनी तोंडं उघडली आणि आवाजच काढला नाही. नुसती गुलाबी तोंडं.

मी त्यांना ओच्यात घेतलं. बिचारी टाकून दिलेली, असं माझ्या मनाने तिथल्या तिथे ठरवलं. त्या वयात दया करायची भारी हौस असते, आणि दया करायला समोर कुणीतरी बिचारं लागतं.

त्यांची नावं लव-कुश ठेवली. आणि स्वतः कोण, तर वाल्मीकी! परसातल्या जुन्या कोंबड्यांच्या खुराड्यात त्यांना ठेवलं. शेळीच्या दुधात कापसाचा बोळा भिजवायचा आणि तोंडात द्यायचा. कुश चोखायचा. लव बोळा चावून फाडायचा, माझं बोट फाडायचा, पदर फाडायचा. माझ्या मनगटावर अजून एक पांढरी रेघ आहे. बांगड्यांच्या आड असते. कुणी विचारलं तर सांगते, लग्नातली बांगडी फुटली होती.

आमच्या ह्यांना सगळं ठाऊक होतं. हे भला माणूस. बायकोच्या खुळाला हसायचं आणि हसून झालं की तेच करायचं, असा स्वभाव. हिरड्याचा व्यापार होता. डोंगरातली माणसं हिरडा वेचून आणायची, तो वाळवून हे कातडं कमावणाऱ्यांना विकायचे. त्यासाठी त्यांनी एक जीप घेतली होती, लष्कराने मोडीत काढलेली. तिला दार नव्हतं, काच अर्धी होती, हॉर्न वाजवला की दिवा लागायचा. पण खोऱ्यात तेवढी एकच. तिच्यात बसून मी पौडापर्यंतही गेले नव्हते. हिरडा बसायचा, मी नाही.

आणि तो बोका यायला लागला. पिल्लं आणल्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी. कंदिलाची काच पुसत होते, तेवढ्यात परसातल्या पेंढ्याच्या उडवीवरून आवाज आला. म्यांव नव्हे. घशातून निघालेला, आखूड, खरखरीत, परत परत तोच. खुराड्यातून पिल्लांनी उत्तर दिलं. माझ्यासमोर आवाज न काढणारी पिल्लं किंचाळायला लागली. त्यांना भीती वाटतेय, असं मला वाटलं. बोके पिल्लं खातात हे मी ऐकलेलं होतं. म्हणून मी धोंडा उचलला.

रोज तेच. तो आवाज, पिल्लांची किंचाळी, माझा धोंडा. उडवीवरून एक लांब पायांची सावली उडी मारून जायची आणि मी आत येऊन ह्यांना सांगायची, "पळवला मेल्याला!" हे म्हणायचे, "शाब्बास झाशीची राणी." आणि झाशीची राणी झोपायला जायची, शांत.

आता ऋताची पिल्लं माझ्या मांडीवर आहेत. तिने सुई नसलेलं इंजेक्शन दिलंय आणि पावडरचं दूध. मोबाईलवर सगळं लिहून पाठवलंय, किती कोमट, किती वेळाने, पोट कसं चोळायचं. हुशार पोरगी. मी पिल्लांना पाजते आणि कान परसाकडे लावून बसते. उगाच. त्यांची आई नाही हे मला पक्कं माहीत आहे. पण दिवेलागणीला पिल्लू ओरडलं की माझे हात थांबतात. कुणी उत्तर देत नाही. दूर कुठेतरी तलावावर गाणी लागलेली असतात. कुणी उत्तर देत नाही याचं मला बरं वाटतं, आणि बरं वाटल्याची लाज वाटते. म्हातारपणी एका वेळी एकच भावना येत नाही, जोडीजोडीने येतात.

झोडणी संपत आली, आत्याबाई घरी यायच्या झाल्या, तशी मी घाबरले. पिल्लं ठेवायची कुठे? खाचरात नेऊन सोडावीत हे माझ्या मनात येईना. तिथे तो बोका होता ना. त्याच सुमाराला ह्यांना चांद्याकडे जायचं निघालं, तिकडचा हिरडा कसा पडतो ते बघायला. आणि मी पेपरात वाचलेलं, की तिकडे सरकारने एक जंगल जनावरांसाठी राखून ठेवलंय. ताडोब्याचं राष्ट्रीय उद्यान. बंदुकीला बंदी, कुऱ्हाडीला बंदी. स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली होती. राष्ट्रीय म्हटलं की आमचा ऊर भरून यायचा. मला वाटलं, जिथे सरकार राखण करतं तिथे कुणी कुणाला खातच नसेल. उद्यान म्हणजे आमच्या मनात पुण्याची संभाजी बाग, थोडी मोठी.

खरं सांगू? हे सगळं खरं होतं, पण त्याच्या खाली आणखी एक होतं. मला जीपमधून जायचं होतं. नव्या साडीत, गॉगल लावून. पिल्लं नसती तर मला कुणी नेलं नसतं. त्यांचा जीव वाचवायला निघाले होते खरी, पण वाऱ्यावर पदर उडवायची हौसही टोपलीतच होती.

नगरच्या पुढे जमीन सपाट झाली तेव्हा मला गरगरल्यासारखं झालं. चारी बाजूंना डोंगर नाही असं रान मी पाहिलं नव्हतं. जोंधळ्याची कणसं माणसाच्या खांद्याला लागत होती. जालन्यापुढे कापसाच्या गाड्या लागल्या. वाटेवरच्या बाभळींच्या काट्यांना कापूस अडकलेला, सगळ्या बाभळी जणू म्हाताऱ्या झालेल्या. धूळ इतकी की माझा गॉगल काढला तर डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं. हे हसून हसून जीप रस्त्याखाली घालणार होते. धर्मशाळेत बायका विचारायच्या, "टोपलीत काय हाय वो?" मी सांगायची, "पाहुणे." टोपलीवर फडकं बांधलेलं. आत पहिले दोन दिवस ओरडणं होतं. मग ओरडणं थांबलं. पिल्लांना माझी सवय झाली, असं मी ह्यांना अभिमानाने सांगितलं.

जंगलाच्या नाक्यावर एक खाकी सदऱ्यातला चौकीदार होता. ह्यांनी त्याला बिडी दिली. त्याने फडकं उचलून बघितलं.

"हे काय घेऊन चालले बाई?"

"सोडायला आणलीत. इथे सुरक्षित राहतील."

त्याने फडकं परत टाकलं. "बाई, इथं वाघ हाय. बिबट हाय."

"पण सरकारने राखलंय ना?"

"सरकार राखते ते बंदूकवाल्यापासून. बिबट्याले कोण सांगन?" आणि दोघे पुरुष हसले. मीही हसले. "घरी न्या वापस," तो म्हणाला. आम्ही बरं म्हणालो आणि वळण ओलांडल्यावर ओढ्याकाठी जीप थांबवली.

सागाचं जंगल. थंडीने पानं गळायला लागलेली. सागाचं वाळलेलं पान सुपाएवढं असतं आणि त्यावर मुंगी चालली तरी वाजतं. आमच्या भाताच्या पेंढ्यात काहीच वाजत नाही. मी टोपली आडवी केली. दोघं बाहेर येईनात. मी टोपली उलटी केली. कुशने एक पाऊल टाकलं, पान वाजलं, तो दचकून थिजला. दुसरं पाऊल, पुन्हा आवाज. शेवटी तो एका पानाखाली शिरला, आणि आख्खा मावला. लव जीपच्या चाकाशी जाऊन बसला, रबराला अंग लावून, तापलेलं होतं म्हणून. ह्यांनी त्याला उचलून लांब ठेवलं. तो परत आला. पुन्हा ठेवलं. ह्यांचा चेहरा मला तेव्हा दिसला. ते म्हणाले, "अगं, घेऊन जाऊ या का परत?"

मी म्हणाले, "अहो, मोह वाईट."

हे शब्द माझे आहेत. कुठल्यातरी पुस्तकातून उचललेले, पण तोंड माझं होतं. मग ह्यांनी जीप चालू केली. चाक हललं तसा लव बाजूला झाला. मागे वळून बघितलं तर धूळ. येताना मी गाणी म्हणत होते.

पुढे आयुष्यात पुष्कळ गोष्टी झाल्या. मुलं झाली. एक गेलं. हे गेले. त्या सगळ्या दुःखांना लोक भेटायला आले, बसले, चहा प्याले. या एका गोष्टीला कुणी भेटायला येत नाही. मांजरंच ती, दोन. कुणाला सांगितलं तर म्हणतील, एवढंच? मीही स्वतःला कितीदा म्हणाले, एवढंच. पण पेंढ्याचा वास आला की ते एवढंच दारात येऊन बसतं.

आम्ही परत आलो तेव्हा आत्याबाई घरी आलेल्या होत्या. संध्याकाळी मी हात-पाय धुवत होते. उडवीवरून तोच आवाज आला. खुराडं रिकामं, तरी आला. मी सवयीने धोंडा उचलला. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं.

"का गं मारतीस तिला?"

"बोका आहे, आत्याबाई."

"डोळं फुटलं का? बाऊल हाय ती. लेकुरवाळी हाय. पोट बघ कसं लोंबतंय." रानमांजराला आमच्याकडे बाऊल म्हणतात. मी बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं. उडवीच्या टोकावर ती उभी होती, वाळूच्या रंगाची, कानांच्या टोकाला काळे केस. खुराड्याकडे तोंड करून ओरडत होती.

"रोज येतीया," आत्याबाई म्हणाल्या. "खाचरात ठकूनं गाठ मारली हुती, पिल्लं हायेत म्हनून. कुनी रांडच्यानं गाठ तोडली, पिल्लं नेली." भातात कुणाची अंडी-पिल्लं सापडली की तेवढं भात कापायचं नाही, गाठ मारून ठेवायची, पिल्लं हलली की मग कापायचं, ही त्यांची रीत. सगळ्या गावाला माहीत होती. मला कुणी सांगितली नव्हती, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

मी सांगितलं. सगळं नाही, पण सांगितलं. आत्याबाई ऐकत राहिल्या.

"मग आन की जाऊन. कुटं सोडलीस?"

"चांद्याला."

"म्हंजी कुटं? पौडाच्या पल्याड?"

"लई लांब, आत्याबाई." त्यांची भाषा पहिल्यांदा माझ्या तोंडातून आली.

"जीप हाय न्हवं?"

मी नकारार्थी मान हलवली, त्या जंगलात ती आता कुठली सापडायला. त्यांनी माझं मनगट सोडलं. शिवी दिली नाही, माहेर काढलं नाही, ह्यांनासुद्धा काही बोलल्या नाहीत. मी त्या शिव्यांची वाट बघत होते. शिव्या मिळाल्या असत्या तर फिटल्यासारखं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी उडवीच्या पायथ्याशी वाटीत दूध ठेवायला लागले. शेळीचं, कोमट, त्या दोघांना द्यायची तसं. दुधा-तुपाच्या घरात मी उघड-उघड चोराला दूध घालत होते आणि आत्याबाई काही म्हणत नव्हत्या. ती यायची. वाटीवरून जायची, वाटीकडे बघायचीसुद्धा नाही. खुराड्याला फेरी घालायची, जाळीला नाक लावायची, ओरडायची, मान वाकडी करून ऐकायची, पुन्हा ओरडायची. सकाळी दूध तसंच असायचं, वर साय, सायीत पेंढ्याचे कण. मी ते ओतून टाकायची आणि संध्याकाळी नवं ठेवायची. आज पिईल. उद्या पिईल. तिने एकदा त्या दुधाला तोंड लावलं असतं, तर माझं काहीतरी थोडं हलकं झालं असतं.

एका संध्याकाळी मी वाटी घेऊन निघाले तर आत्याबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या, वाट अडवून. त्यांनी वाटी माझ्या हातातून काढून घेतली. आवाज चढवला नाही.

"र्‍हाऊ दे, पोरी," त्या म्हणाल्या. "ती काय दुधासाठी येत न्हाई."